खंडेनवमीचा हार

दादरच्या फुलबाजारात झेंडूचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. पीएचडी करत असताना लालबागच्या आमच्या घरातल्या करवंट्यांचा मी कोळसा केला होता आणि त्याच्या बारीक छिद्रांत वायू कसा जाऊन चिकटतो, त्याचे एक्स-रे प्रयोगशाळेत दोन दिवस सलग काढत होते. मध्ये खंड पडला की सगळं वाया. चहा पिऊन परतले तर मशीन बंद, वर हार, हळदकुंकू. "अगं, आज खंडेनवमी," आमचे सर हसत म्हणाले, "यंत्राला एक दिवस आराम नको?" "आणि माझा प्रयोग, सर?" "तो काय, परत कर. आधी सगळ्यांना पेढे वाट." पेढ्यांचा बॉक्स मी त्यांच्याच टेबलावर आपटला. आता प्रयोगशाळा माझ्या हाताखाली आहे. खंडेनवमीला हार मीही घालते, पण चालू मशीनला.