रजनीला खाली आणा

गिरणीचं बटण दाबायच्या आधी गंगूआत्या रोज आदल्या रात्रीची मालिका दुरुस्त करायची. एकदा पट्टा फिरायला लागला की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून हे काम आधी. बायका डबे रांगेत ठेवून ओट्यावर बसत. आत्या वजनकाटा पुसत पुसत सांगायची. काल काय झालं ते नव्हे, काय व्हायला पाहिजे होतं ते.

"सानिकानं थे चिठ्ठी वाचाचीच नोती. चुलीत घालाची सरळ."

"त्याइच्या बंगल्यात चूल कुठी हाये वं?"

"मंग ग्यासवर धराची. चिठ्ठी जाळाले चूलच लागते काय?"

दुरुस्ती पटली की गिरणी सुरू. नाही पटली तरी सुरू, पण जरा उशिरा.

मंगरूळपीर तालुक्यातल्या आसेगावात ही गिरणी आत्याच्या यजमानांनी, गोविंदामामांनी टाकली आणि वर्षभरातच त्यांना वाशीमच्या कोर्टात शिपायाची नोकरी लागली. ते रविवारी येत. तेव्हापासून गिरणी आत्याची. सुटलेला पट्टा ती चढवायची, गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी ती लावायची. सासरी पंधरा माणसांचं घर होतं, तेव्हापासून तिला उभ्यानं जेवायची सवय. आता घरात दोनच माणसं उरली तरी दुपारची भाकर ती दळणावर एक डोळा ठेवून उभ्यानंच खायची. मी तिच्या भावाची मुलगी. एम.ए. झाल्यावर सेट-नेटचा अभ्यास शांतपणे करता यावा म्हणून तिच्याकडे राहायला आले होते. शांततेसाठी पिठाची गिरणी निवडणारी आमच्या घराण्यातली मी पहिलीच.

मालिकेचं नाव 'सात कुलपं'. मोठा बंगला, वळणाचा जिना, सानिका नावाची सून आणि दमयंतीदेवी नावाची सासू, जी झोपतानाही नथ काढत नाही. या घरात रजनी नावाची एक बिनलग्नाची आत्या होती. कामाची, कमी बोलणारी. एका भागात ती चहाचा ट्रे घेऊन जिना चढली आणि पुन्हा खाली आलीच नाही. दिवाळी झाली, दोन लग्नं झाली, एक खून झाला. घरातल्या एकाही माणसानं विचारलं नाही की रजनी कुठे आहे.

"ती नटी मालिका सोडून गेली असेल, आत्या," मी म्हणाले.

"गेली असन. तिले दुसरं काम भेटलं असन, चांगलं झालं. पन घरच्याइनं तं इचाराव ना! तिकडे वर पोटाले काय खात असन थे?"

यावर चतुराबाईंचं उत्तर ठरलेलं असे. चतुराबाई म्हणजे जगदेव पाटलांच्या घरच्या कारभारीण. त्यांच्या घरी सुनेनं आणलेली घरघंटी आहे, तरी दळण गिरणीवरच आणत, कारण घरघंटी भांडत नाही. त्या पहिल्या भागापासून दमयंतीदेवींच्या बाजूच्या.

"एवढा मोठा बंगला सांभाळाचा, तं दमयंतीनं कोनाकोनाकडे पाहाव? तुही रजनी म्हने! चहा घेऊन गेली अन् वरच पसरली."

"पसरली? तिनं जिंदगीत कधी पसरून पाह्यलं काय?"

"तुले काय मालूम?"

"मले नाई तं कोनाले मालूम?" असं म्हणून आत्यानं बटण दाबलं.

माझी कॉलेजातली मैत्रीण योगिनी वाशीमला एका टायपिंगच्या दुकानात काम करते आणि 'सात कुलपं'च्या चाहत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवते. तिनं मला आणि आत्यालाही त्यात घेतलं होतं. तिथली मंडळी मालिकेतली पात्रं घेऊन आपापल्या गोष्टी लिहितात. वर्षातून एकदा त्यांची 'कथाभेट' होते. आपल्याला कशी गोष्ट आवडेल, काय चालणार नाही, आणि गोष्टीसाठी दोन-तीन कल्पना, असं प्रत्येकानं योगिनीला कळवायचं. ती चिठ्ठ्या टाकते. ज्याचं नाव आपल्या वाट्याला येईल त्याच्यासाठी आपण लिहायचं. आपल्यासाठी तिसराच कुणी लिहीत असतो. कोण ते वाचून होईपर्यंत कळत नाही.

"म्हंजे मी सांगन तशी गोष्ट कोनीतरी लिहून देईन?" आत्यानं विचारलं.

"हो. पण तुलाही एक लिहून द्यावी लागेल."

"देतो की. रोज सकाळी काय करतो मंग मी?"

दुपारी लाईट गेली तेव्हा आम्ही आवडीनिवडी लिहायला बसलो. आत्या त्याला 'फर्माईश' म्हणायची. ओट्यावरच्या बायका भर घालणार हे ओघानंच आलं.

"नको काय, थे आधी लिव्ह," आत्या म्हणाली. "बेसुद पडनं नको. एक थापड तीन बाजूनं दाखवनं नको. आभाळ नसताना वीज नको."

"दाराआड उभं राहून आयकनंबी नको," शेजारच्या रुपाबाई म्हणाल्या.

"थे राहू दे. थे तं आपनबी करतो."

"आणि आवडतं काय?"

"मानसं जेवताना दाखवा म्हना. एवढ्या वर्षात त्या घरात कोनी घास गिळला नाई. ताट आलं का भांडन. पीठ कुठून येते, भांडे कोन घासते, काही पत्ता नाई."

योगिनीनं जोडीही विचारली होती. म्हणजे कुणाचं कुणावर प्रेम जडलेलं वाचायला आवडेल.

"रजनीचं अन् जेवनाचं."

मी तसंच लिहिलं. "आता तीन कल्पना सांग."

"एक, रजनी खाली येते. दोन, रजनी खाली येते अन् कोनीतरी इचारते, जेवली काय."

"तिसरी?"

"तिसरी, पह्यलं नाई जमलं तं दुसरं लिव्हा."

"तिन्ही वेगवेगळ्या पाहिजेत, आत्या."

"काहून? भूक काय तीन परकारची लागते?"

ओट्याच्या टोकाला बसलेल्या चतुराबाई इतका वेळ ऐकत होत्या. त्याही त्या ग्रुपमध्ये होत्या. रोज सकाळी गुलाबाचं एक फूल पाठवण्यापलीकडे तिथे काही करत नसत; गंगू काय बोलते त्यावर नजर ठेवायला आपण आलो, असं उघड सांगत.

"यात दमयंतीचं नावच नाई?"

"नाई."

"तिच्याबिगर त्या घरातलं पान हालत नाई, अन् हिची गोष्ट हालन म्हनते!"

आत्याच्या वाट्याला नांदेडची एक मुलगी आली. तिला सानिका आणि विक्रांत हवे होते. विक्रांत म्हणजे बंगला बळकावायला टपलेला माणूस. आधी वैर, मग प्रेम. प्रेम अगदी हळूहळू. आणि ठिकाण बंगला नको, कॉफीचं दुकान पाहिजे.

"कॉफीच्या दुकानात मी कधी गेलो नाई," आत्या म्हणाली. "तिथं लोक काय करतात?"

"बसतात. वाट पाहतात. बोलतात."

"मंग गिरनीत अन् त्यात फरक काय?"

ती सांगत गेली, मी टाइप करत गेले. सानिका गव्हाचा डबा घेऊन येते, विक्रांत ज्वारीचा. दोघं पोचतात आणि लाईट जाते. एकमेकांकडे पाठ करून दोघं ओट्यावर बसतात. ऊन भिंतीवरून खाली उतरतं, गिरणीतल्या चिमण्या सांडलेले दाणे टिपून जातात, तरी लाईट नाही. आता, आधीच्या दळणाचं थोडं पीठ दगडात राहतंच, आणि ज्वारीवर गहू टाकले की पोळी तुटते. पहिला नंबर विक्रांतचा असतो. तो उठतो, आणि आपला डबा तिच्या डब्याच्या मागे नेऊन ठेवतो.

"झालं," आत्या म्हणाली. "याच्याहून जास्त पिरेम दाखवलं तं लोक नावं ठेवतीन."

शेवटी लाईट येते, आणि दोघांनाही वाईट वाटतं.

ठरलेल्या रविवारी सगळ्यांच्या गोष्टी ग्रुपवर उघडल्या. नांदेडच्या मुलीनं आत्याच्या गोष्टीखाली रडणाऱ्या चेहऱ्यांची रांगच लावली.

"तिले वाईट वाटलं काय वं?" आत्या घाबरली.

"आवडली तिला."

"मंग रडते काहून? जाऊ दे. माही कुठी हाये?"

तिची गोष्ट आली नव्हती. जिच्या वाट्याला आत्याचं नाव आलं होतं, तिचं लग्न ठरलं आणि ऐन वेळी तिनं अंग काढून घेतलं. योगिनीनं माफी मागितली. ग्रुपवर विचारलंही, 'गंगूमावशींसाठी कोणी लिहू शकेल का?' कुणी हो म्हटलं नाही. चतुराबाईंचं गुलाबाचं फूल तेवढं आलं.

"राहू दे," आत्या म्हणाली. "त्या घरच्याइले आठवन नाई, तं परक्याइले कायले राहीन?"

त्या रात्री मालिकेत सानिकानं आपलं मूल चुकून भलत्याच बाईच्या हाती दिलं. एवढी मोठी चूक आसेगावानं कधी पाहिली नव्हती. सकाळी ओटा भरला. आत्या आली, काटा पुसला आणि एक शब्द न बोलता बटण दाबलं. पट्टा फिरायला लागला. रुपाबाईंनी मला खुणेनं विचारलं, ताप आहे का.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. मालिका बिघडत चालली होती आणि गावात दुरुस्त करणारं कुणी उरलं नव्हतं. चतुराबाईंची तर पंचाईतच झाली. आत्या रजनीचं नाव काढीना, त्यामुळे त्यांना दमयंतीची बाजू घ्यायला जागाच उरली नाही.

एका सकाळी त्यांनी मला भिंतीआड बोलावलं. "फोनमधे बोललं का आपोआप लिवलं जाते म्हनतात. खरं हाये काय?"

"हो. कशाला?"

"सहज. अन् बोललेलं खोडाचं असन तं?"

मी दाखवलं. पुढे एक दिवस त्या काट्याजवळ उभ्या राहून, छताकडे पाहत आत्याला म्हणाल्या, "तुह्या रजनीले तिखट चालते काय वं?"

"काहून?"

"आता मानसानं काही इचारूबी नाई काय?"

"चालते," आत्या म्हणाली. "काहीबी चालते तिले."

मग योगिनीचा फोन आला. गोष्ट आली आहे. कुणाची, ते सांगायला ती तयार नव्हती. म्हणाली, आधी वाचून होऊ दे. मी गिरणीत पोचले तेव्हा अर्धं दळण व्हायचं होतं. आत्यानं पट्टा थांबवला. असं ती कुणासाठीही करत नसे. चतुराबाई त्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या.

मी वाचायला लागले. 'रजनी जिना उतरली. हातात तोच ट्रे होता. चहावर साय आली होती.'

"आली वं माय!" आत्या म्हणाली. "वाच, वाच. साय बराबर हाये."

'खाली दमयंतीदेवी उभ्या होत्या. काय त्यांचा रुबाब, काय ती पैठणी, काय ते कपाळावरचं तेज.' तेज बरंच लांबलं. पैठणीच्या काठावरचे मोरही एकेक करून आले.

"हे कोनं लिवलं?" आत्यानं कपाळाला हात लावला. "मी रजनी मांगतली अन् हिनं मले दमयंती वाढली! फर्माईश वाचता येते का नाई लिव्हनाऱ्याले?"

चतुराबाई डब्यातले गहू निवडायला लागल्या. ते घरूनच निवडून आणलेले होते.

'आभाळ निरभ्र होतं. तरी वीज चमकली.'

"पाह्य! नको म्हनलं होतं ना!"

"एखांदी चमकली तं काय झालं," चतुराबाई गव्हाला म्हणाल्या.

'दमयंतीदेवींनी रजनीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, रजनी, जेवली काय वं?'

आत्या काट्याला टेकून उभी होती. हळू आवाजात म्हणाली, "थे नाई इचारनार. कोनीबी इचारन, पन थे नाई."

"काहून नाई इचारनार?" चतुराबाई उभ्याच राहिल्या. "दमयंतीले काय जीव नाई? कोन जेवलं, कोन उपाशी हाये, सारं दिसते तिले. इतके दिवस इचारलं नाई, राहून गेलं. मोठ्या घरात राहून जाते! म्हनून काय मी कधीच इचारनार नाई—"

"तुमी?" रुपाबाई म्हणाल्या.

चतुराबाई बसल्या.

आत्या त्यांच्याकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे वळली. "मंग रजनी काय म्हने?"

'रजनी म्हणाली, नाही. तेव्हा दमयंतीदेवींनी स्वतः ताट वाढलं. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा, वरून कांदा. पैठणीसुद्धा न बदलता त्या रजनीच्या समोर जमिनीवर बसल्या. रजनीनं पहिला घास घेतला. तो पाहून दमयंतीदेवींना इतकं भरून आलं की त्या तिथेच बेशुद्ध पडल्या.'

"पडली!" सगळा ओटा एकदम ओरडला.

"एकच डाव पाडली," चतुराबाई म्हणाल्या. "पह्यले तीन डाव पडली होती. दोन मी खोडले."

'रजनीनं शांतपणे जेवण पुरं केलं, हात धुतला, आणि मग दमयंतीदेवींच्या तोंडावर पाणी मारलं.'

गोष्ट तिथे संपली होती. आत्या हसायला लागली, ती काटा धरूनच. काट्याचं ताट वाजत राहिलं. "जेवून मंग पानी मारलं! जेवून मंग!"

"आधी मारलं असतं तं भाकर थंडी झाली असती," चतुराबाई गंभीरपणे म्हणाल्या. त्यांनी त्यावर विचार केलेला दिसत होता.

"पुन्हा वाच," आत्या मला म्हणाली. "साय आली तिथून."

मी पुन्हा वाचलं. या वेळी तिनं कुठेच अडवलं नाही. पैठणीचे मोरही सगळे येऊ दिले. मग तिनं पट्टा सुरू केला.

चतुराबाईंचं दळण झालं तरी त्या निघेनात. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून आत्याकडे पाहत काट्यापाशी घुटमळल्या. गोष्ट कशी वाटली, हे लिहिणाऱ्या कुठल्याही माणसाला ऐकायचं असतं तसं त्यांना ऐकायचं होतं. आत्यानं बटण बंद केलं, पिठाचा डबा उचलून त्यांच्या हातात दिला, आणि म्हणाली,

"आत्ताच झाकन लावू नका, चतुराबाई. पीठ गरम हाये. बसा घडीभर."