ऑरिन त्वेटची गरम बॅट

ऑरिन त्वेट आमच्या वॉर्नबीच्या बेसबॉल संघात अकरा वर्षं होता आणि त्यातली बहुतेक त्याने बाकावर काढली. तो बदली फलंदाज. सामना संपत आला, धावेची नड पडली, की मॅनेजर कोपेकी त्याला दुसऱ्याच्या जागी पाठवायचा. एकच पाळी. तोवर ऑरिन आपली बॅट घोंगडीत गुंडाळून गरम पाण्याच्या पिशवीशेजारी ठेवायचा. उत्तर मिनेसोटात सप्टेंबरात लाकूडसुद्धा गारठतं.

"अंडी उबवतोयस का रे?" आम्ही विचारायचो.

"तुमच्यासारखी नासकी नाहीत," तो म्हणायचा.

त्याच्या आईने, गुड्रुनबाईंनी, त्याला खेळताना कधी पाहिलं नव्हतं. धारा सोडून येणार कशा? अठ्ठावन्न साली गाई विकल्या, तेव्हा त्या मोसमातल्या शेवटच्या सामन्याला त्या आल्या. आईसमोर एकदा बॅट फिरवायला मिळावी, एवढंच ऑरिनला हवं होतं.

नवव्या, शेवटच्या डावात बरोबरी; तिसऱ्या बेसवर आमचा माणूस, धाव पुरी व्हायला एकच टप्पा उरलेला. कोपेकीने ऑरिनचं नाव पुकारलं. गुड्रुनबाई उभ्या राहिल्या. तेवढ्यात समोरच्यांनी चेंडू टाकायला डावखुरा पिचर आणला. ऑरिनही डावखुरा, आणि तसल्या पिचरपुढे तो चाचपडायचा. कोपेकीने घाई केली होती. त्याने ऑरिनला परत बोलावलं आणि मला उठवलं. एकदा नाव पुकारलं की माणूस खेळला असं धरतात. ऑरिनचा दिवस तिथेच संपला.

"अरे, त्याची आई आलीय," मी म्हटलं.

"माझी आली असती तरी तूच गेला असतास. नीघ!"

वाटेत ऑरिनने बॅट माझ्या हातात दिली. "घे. गरम आहे, वाया घालवू नकोस."

मी काही मोठा फलंदाज नव्हतो. चेंडू कसा लागला ते आजही सांगता येणार नाही, पण तो दुसऱ्या बेसवरून पलीकडे गेला आणि आम्ही जिंकलो. मला ऑरिनकडे बघवेना.

मैदानाबाहेर गुड्रुनबाई बटाट्याच्या पोळ्यांचं फडकं सोडत होत्या.

"तुझ्या जागी गेला तो हाच?"

"हाच गं, आई."

"याला दोन. याने मारला."

"आणि मला?"

"तू नुसता चालून आलास. तुला एक."

मी माझ्यातली एक त्याच्यापुढे केली.

"ठेव," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी मारून घेईन."

पुढच्या वर्षी त्याने सहा वेळा मारला. गुड्रुनबाई हिवाळ्यातच गेल्या होत्या.