पहिल्याच ओळीतलं नर्सिंग कॉलेज

नंदुरबार जिल्ह्यातल्या नोकरीत बरीच प्रकरणं हाताळली. हे एक मात्र निवृत्तीनंतरही मनातून उतरत नाही.

काठी गावाच्या बाजूच्या एका पाड्यावरचा बाप ठाण्यात आला. बारावी झालेली त्याची मुलगी नर्सिंगच्या प्रवेशासाठी सुरतेला गेली, ती परतलीच नव्हती. त्यानेच तिला बसमध्ये बसवलं होतं. तो पावरी या आदिवासी बोलीत बोलत होता आणि आमची महिला शिपाई अर्थ सांगत होती. कॉलेजचं नाव विचारलं, तर उत्तर आलं, "वेबसाईटवर आहे." मग त्यानेच विचारलं, "ती वेबसाईट कोणत्या गावाला, साहेब? मी जाऊन पोरीला आणतो."

हरवल्याची नोंद घेतली. मुलीकडे मोबाईल नव्हता, त्यामुळे ठिकाण शोधायला आधारच नव्हता. पाड्यावर चौकशी करताना तिची मैत्रीण शिपाईच्या कानाशी लागली. दोघींनी बाजारच्या गावातल्या एकाच ऑनलाइन केंद्रात फॉर्म भरले होते, आणि आता तिलाही बोलावणं आलं होतं.

केंद्रवाल्याला ठाण्यात आणलं.

"मन्हा काय गुन्हा, साहेब? नेटवर नर्सिंग टाकं, सगळ्यात वर जे उनं ते उघाडं. पत्ताजोडे कुलूपबी व्हतं ना!"

"मुलीला निरोप कसा मिळाला?"

"पाड्यावर रेंज नही. डोंगरवरना लोकेसना फॉर्मवर मी मन्हाच नंबर टाकस. मेसेज उना का बाजारना दिवशी तिना बापले सांगी देस."

"मंग नर्सबी तूच व्हई जाय ना," हवालदार म्हणाला.

केंद्रवाला लबाड नव्हता. ज्या ब्राउझरमधून, म्हणजे इंटरनेट उघडायच्या ज्या प्रोग्राममधून, त्याने काम केलं होतं, त्याच्या हिस्टरीत उघडलेल्या पानांचे पत्ते शिल्लक होते. दोन्ही फॉर्म एकाच पत्त्यावर गेले होते. ही पानं ज्या दूरच्या संगणकावर ठेवलेली असतात त्याला सर्व्हर म्हणतात. सर्व्हरच्या कंपनीकडून साईट चालवणाऱ्याचं नाव मागवलं, ते खोटं निघालं. हाती राहिला तो फक्त केंद्रवाल्याच्या मोबाईलवरचा मेसेज: सुरतेच्या बसस्टँडवर उतरा, माणूस घ्यायला येईल.

सुरत पोलिसांना कळवलं. मैत्रिणीऐवजी आमची शिपाई तोंडाला ओढणी बांधून गेली. घ्यायला आलेला माणूस जागीच पकडला आणि त्याच्याकडून मुलींना कोंडून ठेवलेल्या घराचा पत्ता काढला. तिथे इतर मुली सापडल्या. आमची नव्हती. पळून जाताना ती वरच्या मजल्यावरून पडली होती आणि सरकारी दवाखान्याच्या शवागारात बेवारस म्हणून ठेवलेली होती. पायातल्या वाळ्यांवरून बापाने तिला ओळखलं. तो रडला नाही. तिच्या पायांवरची चादर त्याने नीट केली.

काही दिवसांनी तो पुन्हा ठाण्यात आला. "ती जागा बंद केली का?"

मी खरं ते सांगितलं. साईट बंद केली आहे, पण तीच पानं उद्या दुसऱ्या नावाने टाकता येतात.

"मग पाड्यावर येऊन सांगा," तो म्हणाला.

आम्ही गेलो. मी सांगितलं, शिपाईने पावरीत समजावलं. वेबसाईट म्हणजे गाव नव्हे, कोणीही मांडलेली पानं. तिच्या पत्त्याला डोमेन म्हणतात. तो कोणालाही विकत मिळतो, म्हणून फॉर्मआधी अक्षर न् अक्षर वाचा आणि खऱ्या कॉलेजात विचारून ताडून पाहा. शोधल्यावर सगळ्यात वर येतं ती बऱ्याचदा जाहिरात असते. पत्त्याशेजारचं कुलूप एवढंच सांगतं की तुम्ही भरलेलं वाटेत दुसरा कोणी वाचू शकत नाही. पलीकडचा माणूस कसा आहे, हे ते सांगत नाही. आणि फॉर्मवर नंबर आपल्या घरातल्याचाच द्या.

गुन्हेगार पकडणं हेच पोलिसाचं काम, असं मी नोकरीभर मानलं होतं. तो पकडला गेला तरी ही मुलगी परत आली नाही. वाचली ती मैत्रीण, कारण तिला वेळेत कळलं.

बोलणं संपवून मी उठलो. पुढे बसलेल्या बापाने हाताने मला थांबवलं आणि शिपाईला काहीतरी म्हणाला.

"साहेब," ती खाली बघत म्हणाली, "ते म्हणतात, पुन्हा सांगा. मागच्या पोरींना ऐकू आलं नाही."