हाताला कळणारी ओल

आजोबा गेले त्या सकाळी मी कॅनडात फोन लावला. मुक्ता, तू आधी रडलीस आणि मग म्हणालीस, "आजोबा किती हट्टी होते गं आजी. तेव्हाच रेडिएशन घेतलं असतं तर..." मी म्हणाले, "हो." तेराव्याला मलकापूरच्या आमच्या घरी जमलेल्यांपैकी बहुतेकांनी हेच थोड्याफार फरकाने म्हटलं, तुमच्या बाबांनीही, आणि मी पानांवर जेवण वाढत राहिले. आता दीड महिना झाला. हे मी मुद्दाम मराठीत लिहिते आहे. निशाद, तुला वेळ लागेल, ताईकडून वाचून घे. ज्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे, ती मी इंग्रजीत केली होती.

तुम्ही पाहिलेले आजोबा निवृत्त झालेले होते. त्याआधी सारं आयुष्य ते इथल्या जिनिंगमध्ये कापूस पारखायचे. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे, आतला मूठभर कापूस दाबून पाहायचे आणि सांगायचे, "ओला हाय बे. दोन दिस वाळू दे, मंग आण." पुढे ओल मोजायचं यंत्र आलं, पण यंत्राचं आणि त्यांच्या तळहाताचं क्वचितच भांडण झालं. मी शाळेत इंग्रजी शिकवायची आणि घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावायची. ते मला मास्तरीण म्हणायचे. "मास्तरीण, माह्यावरबी एक चिठ्ठी लाव, नाहीतर मले मिठाच्या डब्यात भरशील."

त्यांचं प्रोस्टेटच्या कर्करोगाचं ऑपरेशन नागपूरला झालं आणि चांगलं झालं. फक्त लघवीवर ताबा राहिला नाही. खोकले, हसले, उठले की थेंब गळायचे. हे हळूहळू कमी होईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि थोडं झालंही. मी माझ्या पद्धतीने सोय लावली. खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीवर मेणकापड, त्यावर चादरीची घडी, बाहेर जाताना माझ्या पिशवीत एक जादा पायजमा. त्यांनाही एक सवय लागली. खुर्चीतून उठले की मागे वळून बैठकीवर तळहात ठेवायचे, कापसावर ठेवायचे तसाच... आणि मगच पुढे जायचे.

ऑपरेशनला सात-आठ महिने झाले असतील. देऊळगाव राजाला माझ्या भाचीचा साखरपुडा होता. जेवणाआधी सगळे गादीवरून उठले. यांनी मागे हात ठेवला आणि तो उचललाच नाही. पांढऱ्या पायजम्यावर डाग होता. त्यांनी मान वर करून मला शोधलं. मी चार पावलांवर होते, पिशवी माझ्या खांद्याला होती, आणि मी मुलाकडच्या विहीणबाईंशी त्यांच्या साडीच्या काठाबद्दल बोलत राहिले. शेवटी नागपूरहून आलेला माझा भाऊ पुढे झाला, स्वतःची शाल त्यांच्या कमरेभोवती टाकत म्हणाला, "चला भाऊजी, तुम्हाले गच्ची दाखवतो."

त्यानंतर महिन्याभरात नागपूरला दाखवायला गेलो. रक्ताच्या तपासणीतला जो आकडा ऑपरेशननंतर जवळजवळ शून्यावर राहायला हवा होता, तो चढत होता. डॉक्टर दक्षिणेकडचे होते. त्यांनी यांच्याशी अडखळत हिंदीत सुरुवात केली. मी इंग्रजीत उत्तर दिलं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं आणि त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मला ते आवडलं, हेही लिहायला हवं. ते म्हणाले की थांबून दर तीन महिन्यांनी तपासत राहता येईल, पण त्यांच्या मते रेडिएशन आत्ताच घ्यावं, अजून आजार हाताबाहेर गेलेला नाही. साडेसहा आठवडे नागपुरात राहावं लागेल. रोज भरपूर पाणी पिऊन, लघवी धरून, पाळीची वाट पाहत बसावं लागेल. गळणं काही काळ वाढू शकेल. "त्यांना नीट समजावून सांगा आणि विचारा," असं ते म्हणाले.

साडेसहा आठवडे म्हणजे माझ्या भावाकडे राहणं, आणि माझ्या डोळ्यांपुढे भावजयीचा पांढरा सोफा आला. मी यांच्याकडे वळून सांगितलं, "तीन महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणतात. घाई नाही."

"अन् ते शेकाचं?" रेडिएशनला आमच्याकडे शेक म्हणतात.

"लागलं तर पाहू."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बरं." मी डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं की यांना रेडिएशन नको आहे. त्यांनी तसं कागदावर लिहिलं. तेच वाक्य मी फोनवर तुमच्या बाबांना सांगितलं आणि आजोबा हट्टी ठरले.

दर तीन महिन्यांनी आकडा वाढत गेला आणि मी रिपोर्ट फाइलला लावत गेले. तीन वर्षांनी आजार मणक्यात उतरला. या उन्हाळ्यात एका दुपारी मी त्यांना संत्र्याच्या फोडी सोलून देत होते, तेव्हा ते म्हणाले, "मास्तरीण, त्या डाक्टरनं 'नाऊ' म्हटलं होतं ना? दोनदा म्हटलं. मले वाटलं, हिंदीत न्हाव्याले हाका मारून राह्यला." हसताना त्यांची पाठ दुखली.

मी म्हणाले, "तुम्हाला कळलं होतं? मग बोलला का नाहीत?"

"वाट पाहून राह्यलो होतो. तू कधी सांगते त्याची." फोडीतली बी काढून ठेवत म्हणाले, "दर तीन मह्यन्यानं वाटे, आज सांगशील."

मी त्यांच्या अंगाखालची चादर ओढून सरळ केली... ती सरळच होती.

नंतर मी त्याच डॉक्टरांना विचारलं, तेव्हा घेतलं असतं तर? ते म्हणाले, खात्रीने कोणीच सांगू शकत नाही. या उत्तराच्या आधाराने मी काही दिवस काढले. पण शेक घ्यायचा की नाही हे त्यांना विचारायचं होतं, आणि ते मी विचारलं नाही. मुक्ता, आजोबा हट्टी नव्हते. त्यांनी नको म्हटलं नव्हतं.

मेणकापड मी काढून टाकलं आहे. हे लिहायला त्यांच्याच खुर्चीत बसते, तिथे उजेड चांगला असतो. उठले की माझा हात आपोआप मागे जातो आणि बैठकीवर टेकतो. खुर्ची कोरडी असते. तरी हात लगेच उचलवत नाही.