पहिल्या आठवड्यात मेलेले सेल

कल्पना करा, तुमच्यासमोर भिंतभर लोखंडी रॅक आहे आणि त्यात अंगठ्याएवढे दोनशे सेल बसवलेत. प्रत्येक सेल पूर्ण भरायचा, पूर्ण रिकामा करायचा, परत भरायचा. महिनोन्महिने. एखादा फुगला की चिमट्याने काढून वाळूच्या बादलीत टाकायचा आणि त्याचा नंबर कागदावर लिहायचा. उगाच बटणं दाबावीशी वाटतील. दाबायची नाहीत. नुसतं बघत बसायचं.

बॅटरीच्या एका कारखान्यात एका माणसाने हे काम एकोणीस वर्षं केलं. सगळे त्यांना पॉइंटराव म्हणत, कारण तापापासून पगारवाढीपर्यंत कुठलाही आकडा ते पॉइंट लावल्याशिवाय सांगत नसत.

त्यांच्या लॅबमध्ये एक नियम होता: पहिल्या आठवड्यात मेलेला सेल मोजायचा नाही. नियम पॉइंटरावांनीच केलेला. तेव्हा रॅक जुने होते, स्प्रिंगा सैल. धडधाकट सेलही जागेच्या दोषाने मरायचा. पुढे नवे रॅक आले, स्प्रिंगा घट्ट झाल्या, नियम मात्र तसाच राहिला. त्यामुळे आकडे छान दिसायचे आणि छान दिसणाऱ्या आकड्याला कुणी हात लावत नाही.

मग नव्या जातीच्या सेलची चाचणी सुरू झाली आणि बादली चार दिवसांत भरली. दुसरी बादली मागवावी लागली तेव्हा पॉइंटराव कागद घेऊन बसले. त्यांनी बादल्यांतले सेल धरून पुन्हा मोजलं. शंभरातले अठ्ठ्याण्णव टिकतात असं कागदावर होतं. खरे टिकत होते ब्याऐंशी पॉइंट पाच. ते पान त्यांनी थेट कंपनीच्या मोठ्या साहेबांना मेलने पाठवलं. उत्तर आलं, ‘मिळालं. आभार.’

बावीस दिवसांनी मोठे साहेब टीव्हीवर म्हणाले, "आमचे शंभरातले अठ्ठ्याण्णव सेल टिकतात. मी नाही म्हणत, आमची लॅब म्हणते."

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर पॉइंटरावांना तिनेच वाढवलं होतं. आता नवरा गेल्यापासून ती एकटी राहत होती.

"बाळ्या, काय छान बोलले रे तुमचे साहेब! घेऊ का शेअर? ह्यांचे निवृत्तीचे पैसे बँकेत नुसते झोपा काढतायत."

"ताई, आतलं बाहेर बोलायचं नाही अशी सही दिलीय मी."

"मी कुठे गुपित विचारतेय? नको असेल तर नको म्हण. घ्यायचे असतील तर गप्प बस. झालं?"

‘नको’ म्हणणं म्हणजे सगळंच सांगणं. नोकरी जाईल, शिवाय नियम कुणी केला तेही निघेल. पॉइंटराव गप्प बसले.

"कळलं हो," ताई हसली. "लबाड कुठला!"

दीड वर्षात लोकांच्या स्कूटरमध्ये, चाकाच्या खुर्च्यांमध्ये सेल फुगायला लागले. शेअर कोसळला. भागधारकांनी मिळून दावा लावला: साहेबांना खरं माहीत होतं, तरी ते खोटं बोलले. दाव्याच्या पहिल्या पानावर नाव होतं ताईचं. पॉइंटरावांना सगळं नंतर कळलं असणार, असंच ती धरून चालली होती. त्यांनीही तिला तसं धरू दिलं.

"तू फक्त खरं सांग. मी शेजारी बसते की नाही बघ."

साक्ष वकिलांच्या कचेरीत झाली. लांब टेबल, समोर कॅमेरा. साहेबांचा वकील गालात खोकल्याची गोळी धरून बोलत होता.

"हे पान तुम्ही पाठवलंत. साहेब म्हणतात, त्यांनी ते उघडलंच नाही."

"ते मला माहीत नाही."

"असू दे. या शेजारी बसल्यात, त्या तुमच्या कोण?"

"थोरली बहीण."

"शेअर घेण्याआधी त्यांनी तुम्हाला विचारलं होतं?"

"हो."

"पान पाठवल्यानंतर?"

"बावीस दिवसांनी."

"आणि तुम्ही नको म्हणाला नाहीत." वकिलाने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "म्हणजे हा आकडा तुम्हालाच खरा वाटत नव्हता. नुसती शंका. मग साहेबांनी तरी तो का मानावा? नाहीतर मग तुम्हाला पक्कं माहीत होतं आणि जिने वाढवलं तिला तुम्ही खड्ड्यात जाऊ दिलंत. तुम्ही सज्जन दिसता. शंकाच होती ना?"

हो म्हटलं असतं तर दावा तिथेच आटोपला असता. ताईने धीर द्यायला त्यांच्या बाहीवर हात ठेवला.

"पक्कं माहीत होतं," पॉइंटराव म्हणाले.

"आणि बहीण?"

"जाऊ दिलं."

ताईने हात काढला नाही. तिथे विसरून गेल्यासारखा तो साक्ष संपेपर्यंत राहिला.

दावा टिकला, पण साहेबांची साक्ष व्हायच्या आतच तडजोड झाली. कंपनीने चूक कबूल न करता पैसे दिले. बुडाले त्याचा नववा हिस्सा ताईला मिळाला. साहेब दुसऱ्या कंपनीत गेले, आणखी वरच्या खुर्चीवर. ‘मोजणीच्या नियमातील गंभीर दोषाबद्दल’ पॉइंटरावांना काढून टाकलं. पत्रातला शब्दन् शब्द खरा होता.

ते ताईकडे गेले. तिने साखळी न काढता दार किलकिलं केलं.

"ताई, मी खरं सांगितलं ना?"

"सांगितलंस की. कॅमेऱ्याला." ती फटीतून बघत राहिली. "मला फोनवर दोन अक्षरं पुरली असती."

दार लागलं.

तिथून ते भागधारकांच्या वकिलीणबाईंकडे गेले. साहेबांची साक्ष झाली असती तर त्यांना एक प्रश्न विचारायचा होता म्हणाले. बाई म्हणाल्या, "काका, दावा मिटला. आता कुणीच त्यांना काही विचारू शकत नाही." तरी पॉइंटराव दर महिन्याला जातात. बाई आता मदतनिसाला ‘बाहेर गेल्यात’ असं सांगायला लावतात. तर ते मदतनिसालाच विचारतात: त्या संध्याकाळी साहेबांच्या बहिणीनेही त्यांना फोन केला असेल, तर तिला त्यांनी काय सांगितलं?