लाडाच्या फोडी

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मावशींचा शब्द अखेरचा. भांडं चकचकीत नसेल, तर त्या रेक्टरबाईंनाही फैलावर घेत. तब्येत एकदम ठणठणीत. तरुणपणी टायफॉइडने अंथरूण धरलं होतं तेवढंच. त्यानंतर साधी शिंकसुद्धा आली नाही, असं छाती पुढे काढून सांगायच्या.

मुलींना एकामागून एक टायफॉइड होऊ लागला, तेव्हा मावशींनी सगळ्यांना धारेवर धरलं. पाणी तपासलं, ते चोख निघालं. दूध उकळलेलं. जेवण शेगडीवरून थेट ताटात. मग ताप येतोय कुठून?

आरोग्य केंद्रातली परिचारिका आली. आजारी मुलींशी बोलून ती स्वयंपाकघरात शिरली आणि तिने भलताच प्रश्न विचारला, "मावशी, तुमच्या लाडक्या मुली कोणत्या?"

"नव्या आलेल्या. घरच्या आठवणीने रडतात हो बिचाऱ्या. जवळ बसवते, पपई कापते, एकेक फोड हाताने भरवते."

आजारी पडलेल्या सगळ्या नव्याच होत्या. मावशींचा चेहरा खर्रकन उतरला.

"तुमचीही शौचतपासणी करू," परिचारिका म्हणाली. "जुन्या टायफॉइडचे जंतू कधी कधी पित्ताशयात ठाण मांडून बसतात. त्या माणसाला काहीच होत नाही, पण जंतू शौचातून बाहेर पडत राहतात. हात नीट धुतले नाहीत, तर न शिजवलेल्या खाण्यातून ते दुसऱ्याच्या पोटात जातात."

"हात धुते की मी!"

"साबणाने?"

साबण भांड्यांसाठी, स्वतःच्या हातांना नुसतं पाणी पुरे, असा मावशींचा हिशेब होता.

तपासणीत जंतू सापडले. आता महिनाभर गोळ्या, आणि पुन्हा पुन्हा तपासून निर्वाळा मिळेपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. रेक्टरबाई हळूच म्हणाल्या, "गावी गेल्या म्हणून सांगते मुलींना. गुपचूप निघा."

"तोंड लपवायला मी काय चोरी केलीय?" मावशी तडक जेवणघरात गेल्या. काम आज ना उद्या परत मिळेल याची त्यांना खात्री होती. पोरी पुन्हा जवळ करतील का, याचाच घोर होता.

"पोरींनो, ताप माझ्या हातून आला. मला ठाऊक नव्हतं. आता औषध घेणार आणि बरी होऊनच येणार. तुम्ही लस टोचून घ्या, आणि साबणाशिवाय कुणी ताटाला हात लावायचा नाही."

दवाखान्यातून नुकतीच परतलेली, पार हडकलेली एक मुलगी उठून समोर आली.

"मावशी, गोळ्या अर्ध्यावर सोडल्यात ना, तर गाठ माझ्याशी आहे!"

असा दम मावशींना आजवर कुणी भरला नव्हता. त्या सगळ्यांसमोर ढसाढसा रडल्या आणि म्हणाल्या, "नाही गं सोडत, माझे बाई."