मारुती हलत नाही

जुने नकाशे जमवायला बसलं की नकाशे कमी आणि किस्सेच जास्त जमतात, हे मला कुठल्याच वर्गात शिकवलं नव्हतं.

मी परदेशात काही वर्षं नकाशांचंच शिकले. तिथल्या संग्रहालयात लोक जुन्या नकाशासमोर देवासमोर बसावं तसे बसायचे. म्हातारी माणसं भिंगातून आपल्या पणजोबांचं घर शोधायची आणि सापडलं की चष्मा पुसायच्या निमित्तानं डोळे पुसायची. मी तिथेच ठरवलं, हे नागपुरात करायचं. सगळं शहर एका नकाशाभोवती बसेल, आपण एकमेकांचे किती जुने शेजारी आहोत हे लोकांना दिसेल, मग भांडणंही जरा कमी होतील. अगदी असंच मनात होतं. अजूनही आहे.

प्रत्यक्षात पहिल्या रविवारी जे पहिले गृहस्थ आले, त्यांनी चपला काढायच्या आधीच विचारलं, "मॅडम, मेट्रो आमच्या गल्लीतून येऊन राहिली का?"

"नाही हो. आपल्याला तुमचं जुनं घर नकाशात शोधायचंय."

"घर तर तिथंच हाय. शोधाचं काहून?"

ते गेले. जाताना जिना चढत असलेल्या दोघांनाही परत घेऊन गेले.

*

आमची जागा गांधीबागेत, लांजेवार भाऊंच्या कापडाच्या दुकानावरची माडी. रविवारी दुकान बंद असतं आणि माडीवरची पांढरी गादी मोकळी असते. नकाशा पसरायला एवढी मोठी, स्वच्छ जागा मला अख्ख्या शहरात मिळाली नसती. कोपरे उडू नयेत म्हणून भाऊ चारी बाजूंना कापडाची थानं ठेवतात.

भाऊंना इतिहासात फार रस आहे असं मला वाटलं होतं. एकदा मी तसं म्हणाले. ते म्हणाले, "मॅडम, रविवारी घरी राहिलो तर वहिनी तुमची मले पंखे पुसाले लावते."

आमची रीत अशी. एका कुटुंबाचा एक कागद. खाली जुना नकाशा, वर ट्रेसिंग पेपरवर काढलेला आजचा. दोन्ही जुळवायचे आणि घर सापडलं की तिथे खूण करायची. आधी मी टाचण्या लावायचे. त्या पाहून लांजेवार वहिनींनी टिकल्यांचं पाकीट आणून दिलं. "कागदाले भोकं कशाले पाडता वं? हे लावा."

मी उत्साहात सगळ्यांना छोटं भाषणच दिलं. खूण जिथली तिथेच हवी, चुकीच्या जागची टिकली म्हणजे कागदावर लिहून ठेवलेलं खोटं, वगैरे. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कपाळावरची पण सरकते वं कधी कधी," त्या म्हणाल्या. "नवरा तोच राहते."

*

घाटे साहेब आमच्यातले सगळ्यात वक्तशीर. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. भोसल्यांच्या काळात त्यांचं घराणं इकडे आलं आणि राजवाड्याच्या भिंतीला लागून त्यांचं घर होतं, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की आम्हालाही ते घर आठवायला लागलं होतं.

शेवटी महाल भागाचा जुना नकाशा मिळाला. घर सापडलं. राजवाड्याला लागून नव्हतं, हत्तीखान्याला लागून होतं.

घाटे साहेब बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "पण हत्ती कोणाचे होते? राजाचेच ना?"

"बरोबर," लांजेवार भाऊ म्हणाले. "आणि सकाळी खिडकी कोण लावून घेत होतं? तुमचेच ना?"

पुढच्या रविवारी घाटे साहेब आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी आले ते नातवाला घेऊन. त्याला त्यांनी हत्तीखाना दाखवला आणि म्हणाले, "इथे आपण राजाचे हत्ती बघत मोठे झालो."

*

ठवकर काका आयुष्यभर मोजणी खात्यात होते. निवृत्त झाले तरी फीता त्यांच्या पिशवीत असतो. दोन नकाशे एकमेकांवर ठेवायचे तर दोन्हींत न बदललेली एखादी जागा लागते. मी याबद्दल सॉफ्टवेअरच्या भाषेत बरंच बोलले. काकांनी ऐकून घेतलं आणि एका वाक्यात सांगितलं, "रस्ता हलते, नाला हलते, माणूस तर हलतेच. मारुती हलत नाही. मारुती पकड."

पहिला प्रयोग लांजेवार भाऊंवरच केला. गल्लीच्या तोंडाशी जुना मारुती आहे. तो दोन्ही नकाशांत धरून काकांनी कागद जुळवला. भाऊंच्या दुकानाच्या जागी, अगदी मधोमध, विहीर निघाली. काकांनी खाली जाऊन फित्यानं माप घेतलं. विहीर नेमकी पैशांच्या गल्ल्याखाली येत होती.

भाऊ गल्ल्याकडे बघत उभे राहिले. मग जिन्यातून वर ओरडून बायकोला सांगितलं, "हिशोब नाही गं जमत म्हणत होतीस ना? ह्या इथं बुडून राहिलं सगळं."

महिनाभरानं वाचनालयात एक जुना फोटो मिळाला. त्यात विहीर होती, तिथेच. तेव्हापासून मारुतीचा नियम आमच्याकडे कायदा झाला.

*

विमलताई शाळेत भूगोल शिकवायच्या. नियमित यायच्या, सगळ्यांना मदत करायच्या, पण स्वतःचा कागद त्यांनी कधी मागितला नाही. मी एकदा विचारलं.

"आमाले कोणत्या नकाशात शोधशील वं?" त्या म्हणाल्या. "लग्नाआधीचं आडनाव गेलं. लग्नानंतरचं घर नवऱ्याच्या बापाचं."

मी भिंतीवर लावलेले कागद पाहिले. सगळी घरं वडिलांची, आजोबांची, पणजोबांची होती. माहेर एकही नव्हतं. इतके रविवार मी समतेच्या गोष्टी करत होते आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग ताईंनी सांगितलं. त्यांचं माहेरचं गाव खापरखेड्याच्या वाटेवर होतं. वीज केंद्राची वसाहत झाली तेव्हा गाव उठलं, माणसं पांगली. गावाचं नाव आता फक्त बसच्या एका थांब्याला उरलंय. ताई तेव्हा लहान होत्या. मोठी बहीण, यमुनाबाई, तिचं लग्न झालेलं होतं आणि ती दूर सासरी बाळंतपणात होती. गाव उठताना तिनं पाहिलं नाही. परत आली तेव्हा परत यायला जागाच नव्हती.

आता यमुनाबाई ऐंशीच्या पुढे. पती जाऊन किती तरी वर्षं झालेली. मुलगा त्यांना कायमचं बंगळुरूला नेणार होता, इथलं घर विकलं होतं.

"बाई एकच म्हणून राहिली," ताई म्हणाल्या. "जायच्या आधी एकदा बापाच्या आंगणात उभं करा म्हणते. मी म्हटलं, आंगण हाय कुठं? तर म्हणते, तू भूगोल शिकवते ना?"

*

गावाचा जुना नकाशा हवा होता, म्हणून ताई आणि मी एका कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाबूंनी अर्ज घेतला. अर्जात कारण लिहायचं राहिलं होतं.

"नक्कल कशाले पाहिजे? खरेदी, कर्ज की कोर्ट?"

"माहेर शोधाचं हाय," ताई म्हणाल्या.

बाबूंनी पेन थांबवलं. ताईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"भाऊ आहेत का तुम्हाले?"

"होता एक."

"मग कोर्टच लिहितो."

*

नकाशा आला. घरांवर नुसते आकडे होते, पण यमुनाबाईंना आकड्यांची गरज नव्हती. पलंगावर बसूनच त्यांनी सांगितलं, "मारुतीच्या पाठीमागची गल्ली. दोन घरं सोडली की आमचं. दारात कडूनिंब."

ठवकर काका खुलले. वसाहतीत मारुतीचं मंदिर आजही होतं, उपग्रहाच्या चित्रात त्याचा भगवा कळस दिसत होता. काकांनी मारुतीवर मारुती ठेवला आणि कागद दाबून धरला. गल्ली आली, दोन घरं आली. तिसरं घर वसाहतीतल्या एका क्वार्टरच्या अंगणात पडलं. मी तिथे टिकली लावली. विमलताईंनी ती बोटानं दाबून बघितली, सुटत तर नाही ना म्हणून.

या कागदाची गुंडाळी करून यमुनाबाई बंगळुरूला नेणार होत्या. मुलगा सोमवारी संध्याकाळी यायचा होता. म्हणून रविवारीच आम्ही लांजेवार भाऊंच्या गाडीतून निघालो. यमुनाबाई ठेवणीतली साडी नेसून पुढे बसल्या. ताई म्हणाल्या, "बाई, तिथं कोणी नाही आपलं, येवढी कशाले सजली?"

"माहेरी जाऊन राहिली ना मी? गबाळी कशी जाऊ?"

वसाहतीत सगळी क्वार्टर्स एकसारखी, पिवळी. काकांनी मारुतीपासून फीता धरला आणि आम्ही एका दारापुढे येऊन थांबलो. एक बाई कपडे वाळत घालत होती. मी तिला नकाशा दाखवून सगळं समजावायला लागले. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना. तेवढ्यात यमुनाबाई माझ्या मागून म्हणाल्या, "इथं माझ्या बापाचं घर होतं."

ताईंनी हिंदीत सांगितलं. त्या बाईनं पदराला हात पुसले.

"तो बाहर क्यों खड़ी हैं? अंदर आइए ना."

तिचं नाव सरिता. बिहारातल्या छपऱ्याकडची होती, नवरा प्लांटमध्ये होता. यमुनाबाई अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. रडल्या वगैरे नाहीत. सावकाश सगळीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "चूल इथं होती. चुलीवर स्कूटर ठेवली वं यांनी."

सरितानं स्कूटर बाजूला घेतली. यमुनाबाई त्या जागी बसल्या. चहा तिथेच बसून घेतला. सरिता विचारत होती, त्या सांगत होत्या. एक हिंदीत, एक आपल्या बोलीत. मधे कोणाची गरज पडली नाही.

निघताना सरिता आत जाऊन सूप घेऊन आली. त्यात तांदूळ, हळकुंड, दूर्वा.

"आँचल फैलाइए, माताजी. मायके से खाली थोड़े ही जाते हैं. हमारे यहाँ खोंइछा देते हैं."

विमलताई पुढे झाल्या. "अवं, तिची ओटी भरत नाहीत. तिचे मालक..."

सरितानं यमुनाबाईंच्या कपाळाकडे बघितलं. ते तिला आधीच दिसलं असणार.

"बेटी तो हैं ना किसी की," ती म्हणाली.

कोणी काही म्हणायच्या आत यमुनाबाईंनी पदर पसरला होता.

त्यांना गाडीत बसवून ठवकर काका आणि मी मारुतीपाशी ठेवलेली पिशवी आणायला गेलो. पायरीवर एक म्हातारे गृहस्थ हार ओवत बसले होते. काकांनी हात जोडले आणि जरा अभिमानानं म्हणाले, "याच्यावरूनच माप धरलं. म्हटलं, गाव जाईन, मारुती हलत नाही."

"हा?" म्हातारे हसले. "याले तर आम्ही खांद्यावर आणला गा. वसाहत होऊन राहिली होती तवा. पहिले रस्त्यापल्याड होता, टाकीपाशी."

काका रस्त्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहिले. मग त्यांनी फीता गुंडाळला, पुन्हा उलगडला, पुन्हा नीट गुंडाळला.

गाडीत यमुनाबाईंनी पदर दोन्ही हातांनी धरला होता. "हळू चालव गा," त्या लांजेवार भाऊंना म्हणाल्या. "सांडन."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दुकान उघडत होते तेव्हाच मी माडीवर गेले. कागद गादीवर पसरला आणि मारुती रस्त्यापलीकडे नेऊन नकाशा पुन्हा जुळवला. घर टाकीच्या कुंपणात आलं. मी पुन्हा जुळवलं. तिथेच आलं.

काकांचा फोन आला. "बेटा, काय करतेस? जन्मभर मी सरकारी खुणा केल्या. ही मले जमणार नाही. तूच पाहा."

वहिनींचं पाकीट तिथेच होतं. मी एक नवी टिकली काढून टाकीच्या कुंपणात लावली आणि तिच्याखाली लिहिलं, "घर".

सरिताच्या अंगणातली टिकली मी काढली नाही. तिच्याखाली लिहिलं, "माहेर".